खेळाडू मुलीने कॉलेजकडे पैसे कसे मागावेत

मी इंदूरला रामबागेत राहते आणि संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेय. दर वर्षी संघनिवडीच्या सुमारास एखादी तरी मुलगी विचारतेच, "ताई, अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळतात, मग आम्हाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. पण असा विचारला तर ऑफिसातून एक रुपया निघत नाही. कसा विचारायचा ते सांगते.

तिकडचं आधी नीट समजून घ्या. तिथे कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल टीव्हीला विकला जातो, त्यातून प्रचंड पैसा येतो आणि वर्षानुवर्षं खेळाडूच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच येत होती. 1 जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावायची मुभा मिळाली. जुलै 2025 पासून तर विद्यापीठ आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. म्हणजे तिथली मागणी कमाईतल्या वाट्याची आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला तिकीट नसतं. म्हणून 'पगार द्या' म्हणू नका. आपलं म्हणणं एवढंच, की कॉलेजसाठी खेळताना मुलीच्या घरचे पैसे जाऊ नयेत आणि तिची गेलेली संध्याकाळ कुणीतरी मोजावी.

त्यासाठी वही हवी. लांबट, दोनशे पानी. डाव्या पानावर वेळ, उजव्या पानावर खर्च, आणि लिहायचं त्याच दिवशी. महिनाअखेरीला आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं. माझ्याकडच्या बी.कॉम.च्या एका मुलीची वही समोर आहे. खांबाशी वळताना उजव्या बुटाचा अंगठ्याकडचा भाग आधी फाटतो. एका हंगामात तिचे दोन जोड गेले, 1,700 रुपयांना एक. गुडघ्याला चार वेळा शेक, दर वेळी 300. दूध, केळी, चणे वेगळे. डाव्या पानावर आठवड्याचे पंधरा तास, शिबिरात त्याहून जास्त.

आता शेजारी साध्या विद्यार्थिनीचं पान लिहा. तिच्याच वर्गातली मैत्रीण सुदामा नगरात दोन मुलांची शिकवणी घेते आणि महिन्याला 3,500 मिळवते. खेळाडूला ते जमत नाही, कारण तिची संध्याकाळ मैदानावर जाते. मला विचाराल तर सगळा मुद्दा इथेच आहे. खेळाडूला जास्त द्या असं मी म्हणत नाही. खेळल्यामुळे ती मैत्रिणीच्या मागे पडू नये, एवढं तरी बघा.

त्या मैत्रिणीला विरोधात धरू नका, सोबत घ्या. फीच्या पावतीवर क्रीडा शुल्काची ओळ बहुधा असते. कधी मैदानावर न आलेली मुलगीसुद्धा ते भरते. ती रक्कम विद्यार्थिसंख्येने गुणा आणि खर्च कुठे झाला ते विचारा. सरकारी कॉलेज असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपये भरून अर्ज करता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी तोंडी विचारा. क्रीडा अधिकारी पुष्कळदा आपल्याच बाजूचे असतात, त्यांचेही हात बांधलेले असतात.

अर्ज एका पानाचा करा, वहीच्या झेरॉक्स जोडा. प्रवासभत्ता आणि जेवणाचे पैसे निघण्याआधी हातात मिळावेत, बूट आणि उपचारांचा खर्च कॉलेजने करावा, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी धरावी. बस. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आणि कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. आमच्या वेळी विभागीय स्पर्धेहून आल्यावर चार महिन्यांनी बोलावलं. रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला, माझं नाव लिहिलेलं, रकमेचा रकाना रिकामा. मी सही केली. हातात आले ते ठरलेल्याच्या निम्मे. आजही त्या रिकाम्या रकान्याचा राग येतो, म्हणून मुलींना खो द्यायला शिकवण्याआधी हे सांगते.

"खेळ आवडीने खेळायचा, पैसे कसले?" असं कुणी म्हणालं तर त्यांना याच शहराची आठवण द्या. होळकर दरबाराने क्रिकेटपटू सी. के. नायडूंना सैन्यात हुद्दा देऊन इंदूरला आणलं, आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. खेळाडूच्या पोटाची सोय केली म्हणून नायडूंची आवड काही कमी झाली नाही.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्यांना महिना 10,000 रुपये हातखर्च मिळतो. जरूर प्रयत्न करा. पण तिथे फार थोड्या पोचतात, त्या आशेवर कॉलेजचा अर्ज थांबवू नका.

बी.कॉम.वालीला गेल्या वर्षी प्रवास आणि उपचाराचे मिळून 4,200 मिळाले, दोन चेकने. बुटांना नकार आला. यंदा तिने फाटलेल्या बुटांचे फोटो जोडून पुन्हा अर्ज दिलाय, आणि प्रतीवर आवक क्रमांक घेऊनच ती मैदानावर आली.