वाळूत हवा कमी करायची? सेकंद मोजा

बडोद्याहून जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत पाच-सहा गाड्यांचा ताफा निघाला की पहिला खोळंबा होतो तो चाकं रुतू नयेत म्हणून टायरची हवा कमी करताना. गाड्या सहा, टायर चोवीस आणि हवा मोजायचं गेज बहुधा एकच!

हे काम निघण्याआधी घरीच निम्मं उरकता येतं. टायर थंड असताना एका टायरला गेज लावा. व्हॉल्व्हची पिन पूर्ण दाबून धरा आणि ३४ वरून १८ पीएसआयवर यायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. मध्ये थांबून एक-दोनदा गेज बघावं लागेल; तो वेळ धरू नका. मोजून झालं की हवा परत भरा. आकडा मार्करने पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा येतो, कारण टायरचा आकार वेगळा. शेजारच्याचा उसना घेऊ नका.

वाळूच्या तोंडाशी प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या प्रत्येक टायरची तेवढे सेकंद हवा सोडायची. गेज शेवटी फिरवायचं. हायवेवरून आल्यावर टायर तापलेले असतात, हवा ३-४ पीएसआय जास्त दाखवते, त्यामुळे आकडा थोडा वर दिसला तर घाबरायचं कारण नाही.

१५ च्या खाली मात्र जाऊ नका. तीव्र वळणावर टायर रिममधून निसटतो, आणि तो बसवायला गाडी उचलावी तर वाळूत जॅक रुततो. जॅकखाली जाड फळी हवीच. परत डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा भरून घ्या. कॉम्प्रेसरचे चिमटे थेट बॅटरीला लावा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो.