'कॅच', 'ड्रॉबॅक' की 'स्नॅग'? : अडचणीसाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

दादरमधील आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असताना बिल्डरला पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. बिल्डरच्या प्रस्तावात वाढीव कार्पेट एरिया होता, बाहेर राहण्यासाठी दरमहा भाडे होते, आणि चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, काम कितीही लांबले तरी भाडे २४ महिनेच मिळेल अशी एक ओळ होती. त्यावर सचिवांनी लिहिले होते, 'युवर ऑफर हॅज अ ड्रॉबॅक.' व्याकरण बिनचूक होते. परंतु प्रस्ताव चांगला असून त्याला एक उणी बाजू आहे, एवढाच त्याचा अर्थ होत होता. सचिवांना म्हणायचे होते ते असे, की वरून गोड दिसणाऱ्या या प्रस्तावात ग्यानबाची मेख मारून ठेवलेली आहे. या मेखेला इंग्रजीत 'कॅच' म्हणतात.

असा घोटाळा टाळण्याचा माझा उपाय साधा आहे. इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी तेच वाक्य मराठीत, घरी बोलतो तसे, मनाशी म्हणावे. 'अडचण' किंवा 'प्रॉब्लेम' या शब्दांवर थांबू नये. मेख आहे, खोट आहे, माशी शिंकली आहे की मिठाचा खडा पडला आहे, हे ठरवावे. एकदा ते ठरले की इंग्रजी शब्द बहुधा आपोआप सापडतो, कारण हे भेद मराठीनेही केलेले आहेत.

'कॅच' वापरण्यासाठी दोन गोष्टी लागतात : समोर काही लाभ दिसत असला पाहिजे, आणि त्या लाभाला चिकटलेली अट झाकलेली असली पाहिजे. पावसामुळे गाडी उशिरा आली, तर त्यात 'कॅच' नाही. 'एकावर एक मोफत' असे लिहिलेल्या दुकानात मात्र 'व्हॉट्स द कॅच?' असे विचारता येते. हा शब्द बोलण्यातला आहे आणि त्यात लबाडीचा संशयही डोकावतो, म्हणून आम्ही तो सर्वसाधारण सभेपुरता ठेवला आणि पत्रात 'अनअ‍ॅक्सेप्टेबल कंडिशन' असे लिहिले.

'कॅच-ट्वेंटीटू' ही मात्र वेगळी वस्तू आहे. जोसेफ हेलर यांच्या १९६१ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीतून ती भाषेत आली. वेडा ठरलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सूट मिळते, पण ती सूट त्याने स्वतः मागावी लागते, आणि ती मागितली की तो शहाणा ठरतो, असा तो नियम आहे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आपण म्हणतोच. दोन्हीकडे वेडच यावे याची मला गंमत वाटते. पत्त्याच्या पुराव्याशिवाय भाड्याची खोली मिळत नाही आणि खोलीच्या कराराशिवाय पत्त्याचा पुरावा मिळत नाही, अशा ठिकाणी हा शब्द चपखल बसतो. नुसत्या कठीण प्रसंगाला तो लावू नये.

'ड्रॉबॅक' ही उघड आणि कायमची उणीव असते. घर स्टेशनला लागून आहे, पण पहाटेपासून लोकलचा खडखडाट ऐकावा लागतो; इथे कोणी काही लपवलेले नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या आयात-निर्यातीच्या कचेऱ्यांत मात्र हा शब्द जपून वापरावा. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७४ आणि ७५ नुसार, आयात मालावर भरलेले शुल्क तो माल किंवा त्यापासून बनवलेली वस्तू निर्यात केल्यावर परत मिळू शकते, आणि त्या परताव्याचे नाव 'ड्रॉबॅक' असेच आहे. तिथला माणूस 'ड्रॉबॅक' म्हणत असेल, तर तो तक्रार करत नसून पैशांची वाट पाहत असतो.

'पिटफॉल' म्हणजे मुळात जनावर पकडण्यासाठी खणून वरून झाकलेला खड्डा. तो बहुधा अनेकवचनात आणि सावध करण्यासाठी येतो : 'अव्हॉइड द पिटफॉल्स'.

ऐन वेळी माशी शिंकली, तर 'हिच'. कार्य निर्विघ्न पार पडले, हे सांगायला 'विदाउट अ हिच' यासारखा दुसरा प्रयोग नाही. त्याहून किरकोळ खोळंबा म्हणजे 'हिकप'. 'ग्लिच' यंत्रासाठी राखून ठेवावा; विद्युतदाबातील क्षणिक उसळीसाठी असलेला हा तांत्रिक शब्द १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळ कार्यक्रमामुळे सर्वांच्या तोंडी झाला. कारकून फाइल विसरला, तर तो 'ग्लिच' नव्हे, कचेऱ्या तसे कितीही भासवोत.

'फ्लाय इन द ऑइंटमेंट' म्हणजे आपला दुधातला मिठाचा खडा, आणि 'देअर्स द रब' म्हणजे 'इथेच घोडे पेंड खाते'. दोन्ही सजावटीचे आहेत. अर्जात किंवा नोटिशीत ते हास्यास्पद दिसतात.

राहिला 'स्नॅग'. नदीच्या पात्रात बुडालेला, वरून न दिसणारा झाडाचा खुंट बोटीच्या तळाला लागतो, तो 'स्नॅग'. त्यात कोणाचा डाव नसतो, वाटेत काहीतरी आडवे आलेले असते. म्हणूनच मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत लोकलचा तांत्रिक बिघाड 'टेक्निकल स्नॅग' होतो. बांधकामात त्याला आणखी नेमका अर्थ आहे. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना ठोकल्यावर पोकळ वाजणारी फरशी, न लागणारी खिडकीची कडी, उतार चुकल्यामुळे न्हाणीघराच्या कोपऱ्यात साचणारे पाणी, हे सारे टिपून जी यादी देतात, तिला 'स्नॅग लिस्ट' म्हणतात.

पण त्या यादीपलीकडे हा शब्द नेऊ नये. लिफ्ट पहिल्या महिन्यात अडकली, तर बिल्डर त्याला 'टीदिंग ट्रबल', म्हणजे बाळाला दात येतानाची कुरकुर, म्हणेल, आणि ते मान्यही करावे. दीड वर्षानंतरही ती अडकत असेल, तर विकत घेतलेल्या फ्लॅटच्या मालकाने तक्रारीत 'स्नॅग' लिहू नये, 'हिच' तर नाहीच. 'डिफेक्ट' असे लिहावे, कारण ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत लक्षात आणून दिलेला दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा असे सांगणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये शब्द तोच आहे.