वाफेच्या इंजिनाचे चांदीचे नाणे : पारख आणि जतन

मिरजेहून पंढरपूरकडे धावणारी अडीच फुटी नॅरोगेज गाडी आजही जिव्हाळ्याने आठवणाऱ्या आपल्या सांगली-मिरजेत इंजिनाचे चित्र असलेले नाणे हाती आले की मन आधी भरून येते आणि धातूचा विचार मागे पडतो. चूक नेमकी तेथेच होते, कारण चित्र धातू सांगत नाही.

ब्रिटिश अभियंता रिचर्ड ट्रेविथिक यांच्या वाफेच्या इंजिनाने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनीडॅरन येथून दहा टन लोखंड ओढून नेले. त्या घटनेच्या द्विशताब्दीनिमित्त २००४ मध्ये ब्रिटिश टांकसाळीने दोन पौंडांचे नाणे काढले. चलनातील साधे नाणे आणि संग्राहकांसाठीचे ९२५ टंचाचे (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदीचे नाणे या दोहोंवर तेच इंजिन आहे, शिवाय दोहोंचे वजन १२ ग्रॅम आणि व्यास २८.४ मिलिमीटरच आहे. चुंबकही उपयोगी नाही, कारण तो दोहोंनाही ओढत नाही.

अशा वेळी पाण्यातील वजन घ्यावे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मऊ दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला वा कडेला न टेकता पूर्ण बुडेल असे हातात लोंबते धरावे. काटा सुमारे १.१६ ग्रॅम दाखवील तर घनता चांदीची आहे, आकडा १.३५ च्या आसपास किंवा पुढे गेला तर ती चांदी नव्हे. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा वाढवतो, तो आधी हलक्या हाताने घालवावा. नाणे टांकसाळीच्या बंद डबीत प्रमाणपत्रासह असेल, तर केवळ या प्रयोगासाठी डबी उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सराफ कट्ट्यावर टंच काढायला गेल्यास कसोटीच्या दगडावर घासू देऊ नये. विटा-खानापूरच्या गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या) व्यावसायिकांची चांदीची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, परंतु वितळवून पाहण्याची रीत नाण्यासाठी नाही. क्ष-किरणांचे टंच मशीन इजा करत नाही, मात्र ते पृष्ठभागच वाचते. चांदीच्या या नाण्याच्या बाहेरच्या कड्यावर सोन्याचा मुलामा असल्याने वाचन मधल्या भागाचे घ्यावे; तेथेही वरचा मुलामा फसवू शकतो, म्हणून पाण्याची परीक्षा अधिक भरवशाची.

दिवाळीत चांदीची भांडी रांगोळीने घासतात तसे आमच्या घरी एक नाणे घासले गेले. आरशासारख्या पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचे जाळे उमटले, कड्यावरचा मुलामा विरळ झाला आणि ती हानी कशानेही भरून निघाली नाही. हवेतील गंधकामुळे येणारा काळसरपणा त्यापेक्षा कितीतरी बरा.

नाणे नेहमी कडेनेच धरावे. रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद यांत गंधक असू शकते, तर मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो. म्हणून घट्ट झाकणाची पारदर्शक डबी वापरावी, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने बदलावी.