बाईंच्या दोरशिल्पांच्या प्रदर्शनाची तयारी

बाईंच्या पश्चात होणारे हे पहिले प्रदर्शन बेळगावात दिवाळीनंतरच भरवावे, कारण आषाढ-श्रावणात इथल्या भिंतींनाही ओल येते आणि अंबाडीची दोरी हवेतला दमटपणा शोषून जड होते. खानापूरच्या घरातून शिल्पे हलवण्याआधी प्रत्येकाची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे आणि सैल गाठी, उडालेला रंग, कसर लागल्याच्या खुणा वहीत नोंदवाव्यात. धूळ मऊ ब्रशनेच काढावी. ओले फडके लावू नये, कारण बाईंनी चुलीवर उकळून चढवलेला रंग पाण्याने फुटतो. गुंडाळायला धुतलेले मांजरपाट घ्यावे, वर्तमानपत्र नको.

सर्वांत जास्त वेळ टांगणीला द्यावा. बाईंच्या ‘कळलावी’ या रानवेलीच्या शिल्पात पाकळ्या मागे वळलेल्या आहेत आणि प्रत्येक पानाचे टोक निमुळते होत शेजारच्या दोरीला विळखा घालते. ती टोके त्यांनी आमच्यादेखत तीनदा उसवून पुन्हा बांधली होती; दोरी स्वतःच्या भाराने जिथे झुकेल तिथेच तिला झुकू द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून आतल्या लोखंडी सळईचा गंज तपासून आकडा सळईलाच अडकवावा, गाठीला कदापि नाही, आणि दोऱ्या ताणून आकार नीटनेटका करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. शेवळ या रानकंदाचे शिल्प मात्र वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर असावे. पहिल्या पावसात शेवळ जमिनीतून वर येते, तसेच ते दिसले पाहिजे.

पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आत ठेवावा.

पाट्या मराठी व कन्नड दोन्ही भाषांत हव्यात; झाडांची कन्नड नावे कोशातून उचलण्यापेक्षा खानापूरकडच्या जाणत्यांना विचारून घ्यावीत. माहितीफलकावर शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांना जागा द्यावीच. मागाशिवाय, केवळ हाताने दोराच्या गाठी मारून त्यांनी ‘वनश्री’सारखी माणसाहून मोठी शिल्पे उभी केली, आणि दिल्लीतील त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. बाई आम्हाला त्यांच्या कामाची छायाचित्रे दाखवत, ती याच गाठी समजावण्यासाठी.

मुलांना हात लावावासा वाटणारच. त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर बाईंच्या घरी उरलेल्या दोरीची एक लडी, एक सैल गाठ मारून, मोकळी ठेवावी.