बर्लिनला चित्रं काढायला निघालात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

कलावंत शहरात येतात ते खोली परवडते म्हणून. कॅफेंचं कौतुक नंतरचं. 1920च्या दशकात अमेरिकन लेखक पॅरिसला लोटले, कारण फ्रँक घसरला होता आणि डॉलर भरपूर दिवस पुरत होता. भिंत पडल्यावर बर्लिनमध्ये रिकाम्या इमारती होत्या, म्हणून स्टुडिओ झाले. ते बर्लिन आता नाही. मी त्याच गोष्टी ऐकून आले आणि तोंडावर आपटले.

हेमिंग्वेच्या गरिबीवर तर अजिबात भाळू नका. 1921मध्ये तो पॅरिसला पोचला तेव्हा टोरंटोच्या वर्तमानपत्राचं काम हातात होतं, शिवाय बायकोला वारशाचं उत्पन्न. चित्रकार रझाही 1950मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन.

आता माझं. इथे राहायला आल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, ती आनमेल्डुंग. त्यासाठी खोली देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. नीट वाचा: भाडेकरार नव्हे, वेगळा कागद. माझ्या पोटभाड्याच्या खोलीच्या जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, ‘आनमेल्डुंग नाही’. खिडकीतून उजेड सुंदर येत होता. म्हटलं, बघू पुढे. पुढे काय, नोंदणी नाही म्हणून करक्रमांक नाही, करक्रमांक नाही म्हणून केलेल्या कामाचं बिल लावता येईना. राहण्याचा परवानाही तिथेच अडला.

दुसऱ्या खोलीत नोंदणी झाली आणि मी निवांत. पण करखात्याची ओळखसंख्या टपालानं येते, आणि पत्रपेटीवर नाव मूळ भाडेकरूचं. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतोच, टपालवाला आडनाव बघतो. माझं पत्र आल्या पावली परत गेलं. मग वहीचा पुठ्ठा कापला, शाईनं आडनाव लिहिलं, चिकटपट्टीनं डकवलं. दोन मिनिटांचं काम हो!

‘तू ये तर खरी, बाकी होतं’ म्हणणाऱ्या जुन्याजाणत्यांचं ऐकू नका. ते जुन्या करारावर, जुन्या भाड्यात बसलेत. पैसे घेऊन नोंदणीची अपॉइंटमेंट मिळवून देणारेही माझ्या मते नकोतच.

घाबरवत नाहीये. अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन 1948मध्ये 40 डॉलर घेऊन पॅरिसला उतरला. वर्षभरानंतर हॉटेलच्या चोरलेल्या चादरीपायी आठ दिवस कोठडीतही बसला, चोरी दुसऱ्याची असून. तरी लिहिलंच की त्यानं. आणि इथे क्युन्स्टलरसोत्सियालकासे नावाची सोय आहे: कलेवरच पोट आहे हे दाखवता आलं, तर आरोग्यविमा आणि पेन्शनचा निम्माच हप्ता आपल्याला भरावा लागतो. वर्षाला 3900 युरोंच्या वर कमाई लागते, पण सुरुवातीच्या तीन वर्षांत ही अट सैल असते.

पण ते पुढचं. खोलीसाठी पहिल्याच निरोपात विचारा, ‘आनमेल्डुंग होईल ना?’ उत्तर ‘भेटल्यावर बोलू’ असं आलं, तर भेटायला जाऊच नका, उजेड कितीही सुंदर असो.