एकक वर्तुळ हाताने कसे शिकवावे : दोरी, काडी आणि सूत

साइन म्हणजे संमुख भुजा भागिले कर्ण, हे दहावीपर्यंत पक्के पाठ झालेले असते. अकरावीत १२० अंशांचा साइन समोर आला, की काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन बसवायचा कसा, या प्रश्नापाशी विद्यार्थी अडतो, आणि त्याचे अडणे अगदी रास्त आहे. म्हणून किमतींचा तक्ता हाती देण्यापूर्वी साइन ही एकक वर्तुळावरच्या, म्हणजे १ एकक त्रिज्येच्या वर्तुळावरच्या, बिंदूची मोजता येणारी उंची आहे, हे त्याला स्वतः मोजून पाहू द्यावे.

पहिली कृती पटांगणातली आहे. सोलापुरात ऊन लवकर चढते, त्यामुळे ती पहिल्याच तासाला करावी. मध्यभागी खुंटी ठोकून तिला बांधलेली १ मीटर दोरी ताणून धरावी आणि फक्कीने वर्तुळ आखावे. केंद्रातून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढाव्यात, म्हणजे क्ष-अक्ष आणि य-अक्ष तयार होतात. आता तेवढ्याच लांबीची दुसरी दोरी क्ष-अक्षाच्या उजव्या टोकापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने परिघावर बसवावी. ती जिथे संपते तिथपर्यंतचा कोन १ रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश. अर्ध्या वर्तुळात अशा तीन दोऱ्या बसून साधारण १४ सेंटिमीटर उरतात. ‘पाय’ (π) हा शब्द त्यानंतरच उच्चारावा, आधी नाही.

दुसरी कृती वर्गातली असून तिला सर्वाधिक वेळ द्यावा. जाड पुठ्ठ्यावर आलेख कागद चिकटवून १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, त्या १० सेंटिमीटरना १ एकक मानावे आणि परिघावर दर १५ अंशांना खूण करावी. खराट्याची सरळ काडी टाचणीने केंद्रावर अशी बसवावी, की ती सहज फिरेल आणि तिचे टोक परिघाला नेमके टेकेल. टोकाला दोरा बांधून खाली लोखंडी नट लटकवला, की ओळंबा तयार होतो. पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा धरावा. काडी ९० अंशांवर ठेवल्यावर दोरा य-अक्षावर तंतोतंत पडला, तरच पुठ्ठा सरळ आहे असे समजावे. ही तपासणी टाळली, तर पुढची सगळी मोजमापे चुकतात.

काडी ३० अंशांवर आणल्यावर टोकापासून अक्षापर्यंतचा दोरा ५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे साइन ०.५, आणि दोरा क्ष-अक्षाला केंद्रापासून सुमारे ८.७ सेंटिमीटरवर छेदतो, म्हणजे कोसाइन ०.८७. १५० अंशांवर उंची तीच राहते, फक्त दोरा केंद्राच्या डावीकडे पडतो. २१० अंशांवर मात्र टोक अक्षाच्या खाली जाते आणि दोरा अक्षाला स्पर्शच करत नाही. इथे शिक्षकांनी घाई करू नये. अक्षापर्यंतचे अंतर आता वरच्या दिशेने मोजावे लागते, तेव्हा ते कोणत्या चिन्हाने लिहायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. वहीत कोन, क्ष आणि य असे तीन रकाने करून प्रत्येक ओळीतील क्ष व य यांच्या वर्गांची बेरीज करायला सांगावी. ती दर वेळी १ च्या आसपास येते, आणि पायथागोरसचे प्रमेय मुले न सांगता ओळखतात.

याच टप्प्यावर आर्यभटांचा उल्लेख आवर्जून करावा. इ. स. ४९९ मधील आर्यभटीय या त्यांच्या ग्रंथात ‘ज्या’, म्हणजे साइन, काढण्यासाठी लागोपाठच्या किमतींमधील फरकांची सारणी आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि आपण मोजलेली उंची ही दुप्पट कोनाच्या दोरीची अर्धी; या अर्धज्येलाच थोडक्यात ज्या म्हणत. तिथे त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरली आहे. पटांगणात मोजलेल्या ५७.३ अंशांना ६० ने गुणले, की हाच आकडा येतो. तिथले फरक मिळवत गेल्यास ३० अंशांची ज्या १७१९ येते. १७१९ भागिले ३४३८ हा भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावा.

शेवटची कृती तरंगाची. त्यासाठी सूत हवे, आणि यंत्रमागाच्या या गावात ते कुणाच्या ना कुणाच्या घरी असतेच. एकेरी सूत ताणले जाते, म्हणून चार पदरांना पीळ द्यावा. ते परिघावर गुंडाळून दर ३० अंशांना शाईची खूण करावी, मग लांब कागदावर सरळ पसरावे. लांबी जवळपास ६२.८ सेंटिमीटर भरली पाहिजे. प्रत्येक खुणेवर त्या कोनाच्या उंचीएवढी काडी चिकटवावी, ऋण किमतींच्या काड्या खालच्या बाजूला. टोके जोडताना पट्टी वापरू देऊ नये, कारण ती रेषा कुठेही सरळ नसते. कोसाइनसाठी हेच पुन्हा करावे, फक्त पहिली काडी पूर्ण १० सेंटिमीटरची घ्यावी.