उत्तर महाराष्ट्रातील आमदाराचे शिक्षण व समाजकल्याणाचे काम कसे तपासावे

निवडणूक जवळ आली की प्रत्येक आमदाराचा गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल घरोघरी पोहोचतो. त्यात शाळाखोल्यांची भूमिपूजने असतात, सायकलवाटप असते, निराधार वृद्धांना मंजुरीपत्रे देतानाची छायाचित्रे असतात. यातले बरेचसे खरेही असते, पण त्यात आमदाराचा स्वतःचा वाटा किती आणि शासनाने तसेही दिलेच असते ते किती, हे त्या अहवालावरून कळत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. धुळे, जळगाव आणि नाशिक जिल्ह्यांतही साक्री, शिरपूर, चोपडा, कळवण, बागलाण, दिंडोरी, इगतपुरी हे राखीव मतदारसंघ आहेत. या भागात आश्रमशाळा, वसतिगृहे आणि पोषण आहार यांवर मुलांचे शिक्षण अवलंबून असल्यामुळे हा हिशेब मांडणे अधिक गरजेचे ठरते. पालक, ग्रामसभेतील कार्यकर्ते किंवा स्थानिक बातमीदार, कोणालाही तो मांडता येतो.

सुरुवातीला एका वहीत तीन रकाने आखावेत: शासनाची सर्वांसाठी असलेली योजना, आमदार निधीतून झालेले काम, आणि पाठपुराव्यामुळे झालेले काम. कार्यअहवालातील प्रत्येक दावा यांपैकी कोठे बसतो ते लिहावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहाचे पैसे किंवा जुलै २०२४ पासूनची मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ही पहिल्या रकान्यात जाते, फलकावर छायाचित्र कोणाचेही असो. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना तिथेच जाईल. मात्र तहसील कार्यालयात रखडलेली निराधारांची प्रकरणे आमदाराने बैठक लावून मार्गी लावली असतील आणि त्या बैठकीचे इतिवृत्त उपलब्ध असेल, तर तेवढे श्रेय तिसऱ्या रकान्यात मोकळ्या मनाने द्यावे. हा तिसरा रकाना भरायला सर्वांत अवघड असतो. आमदाराची खरी पारखही तिथेच होते, असे माझे मत आहे.

पुढे जाण्यापूर्वी कोणती संस्था कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येते ते पक्के करावे. गावची प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. शासकीय व अनुदानित आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मोडते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे आणि उत्तर महाराष्ट्रात नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल, नाशिक, कळवण येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. आश्रमशाळेची तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेली, तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आता विधिमंडळातील काम. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाची कार्यवृत्ते मिळतात. वर्षाची तीन अधिवेशने, म्हणजे मुंबईतील अर्थसंकल्पीय व पावसाळी आणि नागपुरातील हिवाळी, क्रमाने उघडून आपल्या आमदाराच्या नावे आलेले तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या), औचित्याचे मुद्दे (सभागृहात थोडक्यात मांडलेले तातडीचे विषय) आणि अर्थसंकल्पी मागण्यांवरील भाषणे टिपून घ्यावीत. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. वर सदस्यांची नावे, मग ‘सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ हे वाक्य, त्याखाली ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ अशी उतरंड. आणि समोर उत्तर, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचणाऱ्याने ‘अंशतः खरे’ या उत्तरावर थांबावे, कारण त्यापुढच्या दोन ओळींत शासनाने काहीतरी मान्य केलेले असते: रिक्त पदे, न मिळालेले साहित्य, अपुरे राहिलेले वसतिगृह. नंतर त्याच विषयावर आमदाराने पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारले का, हे पाहावे. एकदा विचारून सोडून दिलेला प्रश्न आणि तीन अधिवेशने लावून धरलेला प्रश्न यांत मोठा फरक आहे.

येथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. एक म्हणजे, एकाच प्रश्नावर पुष्कळदा अनेक सदस्यांची नावे असतात, त्यामुळे नुसत्या प्रश्नसंख्येवर कोणालाही कार्यक्षम ठरवू नये. प्रश्न आपल्या तालुक्यातील शाळेचा आहे की राज्याच्या दुसऱ्या टोकाचा, हे वाचल्याशिवाय समजत नाही. दुसरी अशी की मंत्री झालेला आमदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. आदिवासी विकास खाते २०१९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत अक्कलकुव्याचे आमदार के. सी. पाडवी यांच्याकडे आणि त्यानंतर २०२४ च्या निवडणुकीपर्यंत नंदुरबारचे आमदार डॉ. विजयकुमार गावित यांच्याकडे होते. अशा काळाचा हिशेब करताना प्रश्नांऐवजी त्या खात्याचे शासन निर्णय, अर्थसंकल्पातील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च पाहणे न्याय्य ठरते.

यानंतर पैशाकडे वळावे. आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते आणि सर्व नोंदी जिल्हा नियोजन कार्यालयात राहतात. हा निधी मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी असल्याने त्यातून वर्गखोली, संरक्षक भिंत किंवा पाण्याची टाकी होऊ शकते. शिक्षकाचा पगार त्यातून देता येत नाही. म्हणूनच दुर्गम भागात नवी कोरी वर्गखोली आणि दोन इयत्तांना मिळून एकच शिक्षक, असे चित्र दिसते. खोली बांधून देणे सोपे असते. शिक्षकाचे रिक्त पद भरून घेण्यासाठी मंत्रालयापर्यंत खेटे घालावे लागतात, आणि त्या खेट्यांचे छायाचित्र निघत नाही. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे वेगवेगळे भाग असतात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मिळवून आपल्या आमदाराने तेथे आदिवासी उपयोजनेच्या अखर्चित रकमेबद्दल तोंड उघडले का, हे अवश्य पाहावे.

प्रत्येक कामाची कागदी साखळी असते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, पूर्णत्वाचा दाखला. भूमिपूजन या साखळीत कोठेच बसत नाही. कार्यअहवालात ‘मंजूर’ लिहिले असेल, तर पहिल्या टप्प्याचा क्रमांक व दिनांक मागावा. ‘पूर्ण’ लिहिले असेल, तर शेवटच्या टप्प्याचा.

कागद हाती आल्यावर जागेवर जाऊन खात्री करावी. बांधकामावरील माहितीफलकावर योजनेचे नाव, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी (बांधकामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) लिहिलेला असावा. योजनेचे नाव पाहिले की ते काम आमदार निधीचे की दुसऱ्या कोणत्या लेखाशीर्षाचे, म्हणजे शासनाच्या खर्चाच्या खात्याचे, याचा निकाल तिथेच लागतो. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊनच जावे. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका मुक्कामी राहते का, स्नानगृहाला दार व पाणी आहे का, हजेरीपटावरील मुले आणि रात्री प्रत्यक्ष राहणारी मुले यांत तफावत आहे का, हे विचारावे. दिवाळीनंतर गेल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येते. सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि मुले त्यांच्याबरोबर निघतात, म्हणून पालक स्थलांतरित असताना मुलांना गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले का, हा प्रश्न या भागात भिंतीच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे. मुलांची नावे किंवा चेहरे प्रसिद्ध करू नयेत.

जे कागद सहज मिळत नाहीत, त्यांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. आमदाराला अर्ज करून उपयोग नाही; तो जिल्हा नियोजन कार्यालय, प्रकल्प कार्यालय किंवा संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ते माफ आहे. ‘आमच्या शाळेकडे दुर्लक्ष का झाले’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर कोणत्याही धारिकेत नसते. त्याऐवजी ‘अमुक आर्थिक वर्षात अमुक मतदारसंघात आमदार स्थानिक विकास निधीतून शाळांसाठी दिलेल्या प्रशासकीय मान्यतांच्या प्रती’ अशी नेमकी मागणी लिहावी. आमदाराचा पाठपुरावा तपासायचा असेल, तर ‘अमुक शाळेसंदर्भात आमदारांकडून प्राप्त झालेली पत्रे आणि त्यांवर पाठवलेली उत्तरे’ मागावीत. तिसरा रकाना बव्हंशी याच पत्रांवरून भरतो. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि तेथेही दाद न लागल्यास राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाता येते.

तिन्ही रकाने भरत आले की त्यांची प्रत आमदाराच्या संपर्क कार्यालयात पोच घेऊन द्यावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस थांबावे. अनेकदा तेथील स्वीय सहायकाकडे आपल्याला न मिळालेले एखादे पत्र असते, आणि त्यामुळे एखादी नोंद बदलावी लागते. उत्तर आलेच नाही, तर पोच घेतल्याची तारीख हिशेबाच्या शेवटी नोंदवून तो ग्रामसभेत वाचण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मागणी करावी.